पांढऱ्याचे दोन हात

एमेका, तुझ्या भिंतीवर पांढऱ्या रंगाचे दोन हात मीच मारले. पहिला सकाळी नऊला, दुसरा जेवणानंतर. पहिल्या हातानंतर तुझ्या काळ्या रेघा पांढऱ्याखालून डोकावत होत्या, म्हणून दुसरा. सांगितलेलं काम नीट करायची मला फार वाईट खोड आहे.

हे तुला माहीत होतंच. सहा वर्षं दर शुक्रवारी तू ते मला ऐकवलंस. आता ऐकवायला तू नाहीस, तेव्हा म्हटलं, एकदा आपणच आपल्या तोंडानं बोलावं. नाहीतर या खटल्यात आरोपी मी, वकील मी आणि साक्षीदारही मीच. निर्दोष सुटून जाईन. तसं सुटायचं नाही मला.

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. आमच्याकडे तेरा दिवस गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलतात. ते मी पाळले. आता मोकळा झालो. तर ऐक. तू एक नंबरचा डांबरट माणूस होतास. मी विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर तू शेवटपर्यंत दिलं नाहीस आणि बुधवारी सकाळी अर्धा बोर्ड रंगवून, ब्रश थिनरमध्ये बुडवून ठेवून निघून गेलास. ब्रश मात्र धुतलास. त्याचाही मला राग आहे. मरणारा माणूस ब्रश धुतो कशाला?

इथे बहारीनमध्ये, तुबलीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये तू पहिल्यांदा आलास तेव्हा मी शिडीवर होतो. एका गॅरेजच्या बोर्डावर 'रेडिएटर रिपेअर' लिहीत होतो, वर अरबी, खाली इंग्रजी. खाली बघितलं तर तू. मी मालवणकडचा. आमच्या कोकणात वर मुरूड-जंजिऱ्याला सिद्दी लोक राहतात, मूळ आफ्रिकेतले, पण कित्येक पिढ्या तिथलेच. परमुलखात आपल्या बाजूचा माणूस भेटला म्हणून मला एवढा आनंद झाला की मी वरूनच ओरडलो, "काय रे, मुरूडचो काय तू? कधी इलस?"

तू वर बघितलंस आणि इंग्रजीत म्हणालास, "ब्रदर, तू जे काय विचारलंस त्याचं उत्तर हो."

त्या एका 'हो'वर मी आठवडाभर तुला मुरूडचा मानून चाललो. मेसमध्ये सांगूनही टाकलं, "आपल्याकडचो एक इलोसा, पण मराठी इसारलो बिचारो." शुक्रवारी तुझी बहीण डबा घेऊन आली. मनामात हॉस्पिटलात नर्स असलेली, तुला इथे आणणारी, तुझ्याहून आठ वर्षांनी मोठी आणि तुझ्याहून आठपट फटकळ. मी तिला ताई म्हणतो ते त्या दिवसापासून. मी तिलाही मुरूडचंच विचारलं. तिनं तुझ्याकडे वळून विचारलं, "हा मनुष्य आजारी आहे का?"

नंतर तुझं-माझं जमलं ते सुकटीवरून. माझ्या आईनं पाठवलेली सुकट मी भाजायला घेतली की खोलीतली सगळी मंडळी नाकाला रुमाल लावून बाहेर पळायची. तू मात्र वास हुंगत आत आलास. म्हणालास, आमच्याकडे वाळवलेल्या कोलंबीची पूड घातल्याशिवाय आमटी चुलीवरून उतरत नाही. तू तव्यासमोर उकिडवा बसलास आणि डोळे मिटलेस. नायजेरिया कुठे आहे ते मला त्या दिवशी कळलं. सुकट आवडणारी माणसं जिथे राहतात तिथे.

मग तू ती भिंत सुरू केलीस. वर्कशॉपची मागची, आतली, थिनरचे ड्रम ठेवतात तिथली. सिमेंटचा गिलावा केलेली, उघडीबोडकी. सात शुक्रवार तू तिच्यापुढे उभा होतास. आधी कोळशानं, मग उरलेल्या काळ्या ऑइलपेंटनं. अजगराचं वेटोळं. कोला नावाच्या तुमच्याकडच्या फळाचा फुटलेला दाणा. चंद्रकोर. एक रेघ बारीक निघायची, मध्येच जाड व्हायची आणि जिथे थांबेल असं वाटायचं तिथून वळायची. आणि मध्ये नुसतं सिमेंट, हातभर हातभर मोकळं. मी उलट्या ड्रमवर बसून शेंगदाणे खात बघायचो. मी बोर्ड रंगवणारा. बोर्डावर चार बोटं जागा रिकामी राहिली तर गिऱ्हाईक विचारतं, इथे फोन नंबर का नाही लिहिलात? म्हणून मी विचारलं, "भरणार कधी हे?"

तू म्हणालास, "भरलंय."

सातव्या शुक्रवारी तू सांगितलंस, भाजी चिरताना सांगावं तितक्या सहज. तुमच्या गावात बायका अंगावर आणि घराच्या भिंतींवर अशा रेघा काढतात. ऊली म्हणतात त्याला. पावसात भिंतीवरची पुसली जाते, पाऊस गेला की पुन्हा काढतात. तुझ्या आईचा हात गावात सगळ्यात चांगला. मग तुमच्या देशात आपसातलं युद्ध झालं. घर जळलं. आई गेली, गोळीनं नाही, भुकेनं. तू तेव्हा विशीत होतास. आईनं शेवटची काढलेली भिंत तू डोक्यात घेऊन तिथून चालत निघालास आणि दहा वर्षांनी या बेटावर, तुबलीत, थिनरच्या ड्रमांमागे उतरवलीस. ती भिंत बघितलेली जगात दोनच माणसं उरली होती, तू आणि ताई. "आता तू तिसरा," तू मला म्हणालास.

माझ्या तोंडात शेंगदाणे होते. मी मान हलवली.

आणि त्यानंतरच्या बुधवारी दोन हात.

आता त्याच्याबद्दल. आपल्या मॅनेजरबद्दल. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. नावं लिहिणं हा माझा धंदा आहे आणि या माणसासाठी मी तो एकदा केला तेवढा पुरे. आपण त्याला टायवाला म्हणायचो, इथेही तसंच म्हणू. जूनच्या उकाड्यात टाय बांधणारा तुबलीतला एकमेव प्राणी. अरबाब, म्हणजे आपला बहारिनी मालक, समोर आला की त्याची मान आपोआप वरखाली व्हायला लागायची. पुण्याचा. आणि ऑफिसात मराठी बोलणारा एकटाच. तिथे तर मी फसलो. बाकीच्यांशी तो इंग्रजीत गुरगुरायचा, मला मात्र खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "हे बघ दत्ताराम, आपला माणूस म्हणून तुला सांगतो." त्या बुधवारी म्हणाला, "उद्या अरबाबचे पाहुणे येतायत रिफाहून. मागची भिंत कोणीतरी गिरगटून ठेवलीय. आपला माणूस म्हणून सांगतो, तेवढी पांढरी करून टाक."

हिंदीत सांगितलं असतं तर मी विचारलं असतं, क्यूं? इंग्रजीत सांगितलं असतं तर मला अर्धंच कळलं असतं, म्हणजे भिंत वाचली असती. मराठीत सांगितलं, म्हणून मी ब्रश घेतला. तू मुहर्रकला विमानतळाजवळच्या एका दुकानाचा बोर्ड करायला गेला होतास.

दुसऱ्या दिवशी रिफाचे शेख आले. ते आले होते तुझी भिंतच बघायला. अरबाबनं त्यांना सांगितलं होतं. पांढऱ्या भिंतीसमोर दोघं उभे राहिले. टायवाल्यानं माझ्याकडे बोट केलं, म्हणाला, "या गाढवानं केलं."

खरंच होतं की ते. तेवढं एकच वाक्य तो आयुष्यात खरं बोलला.

तू आलास. मी म्हटलं आता हा मला हाणणार. मी चष्मासुद्धा काढून ठेवला होता. तू भिंतीवरून तळहात फिरवलास. विचारलंस, "दोन हात?"

"दोन."

"चांगले बसलेत."

मी म्हटलं, "एमेका, तूच म्हणाला होतास ना, तुमच्याकडे दर पावसात पुसतंच म्हणून."

आयुष्यात बोललेल्या मूर्ख वाक्यांची मी यादी केली तर हे वर येईल. मुरूड त्याच्या खूप खाली. तू माझ्याकडे वळलास. "पावसाचा मला राग येत नाही," तू म्हणालास. "पाऊस कोणाचा नोकर नसतो."

मग तू शिक्षा सुनावलीस. "तू सात शुक्रवार इथे बसून बघितलंस. तिसरा माणूस तू. आता दर शुक्रवारी दुपारी जेवण झालं की आठवून ती भिंत काढायची. प्लायवूडचे तुकडे पडलेत भरपूर. मी तपासणार. बरोबर आली की सुटलास."

मी हसलो. आठवून काढायचं म्हणजे आमचं स्मरणचित्रच की. शाळेत आम्ही ड्रॉइंगची एलिमेंटरी परीक्षा देतो, तिच्यात स्मरणचित्राचा पेपर असतो, असं मी तुला सांगितलं. 'बाजारातील दृश्य' आलं होतं. मी छत्रीवाला माणूस काढला, छत्री छान आली, पण माणसाचे पाय पुढे आणि तोंड मागे.

"किती मिळाले?" तू विचारलंस.

"सी ग्रेड."

"नापास?"

"नाही रे, पास! सी म्हणजे पास!"

ही माहिती मी तुला द्यायला नको होती. पहिल्या शुक्रवारी मी कोळसा घेऊन प्लायवूडपुढे बसलो आणि मला एक रेघ आठवेना. सात शुक्रवार मी काय बघत होतो? शेंगदाणे. अजगर होता एवढं आठवत होतं. कुठे होता, डोकं कुठे, शेपूट कुठे, काही नाही. तासाभरानं जे झालं ते तुझ्यापुढे धरलं. तू म्हणालास, "मफी." मफी म्हणजे नाही, शून्य, गेलास तू. दुसऱ्या शुक्रवारी मफी. तिसऱ्या शुक्रवारी मफी. आणि तू एकदाही, सहा वर्षांत एकदाही, कुठे चुकलं ते सांगितलं नाहीस. असा सूड मी कोणाचा बघितला नाही. मला मारलं असतंस तर चार दिवसांत बरा झालो असतो.

पण त्या शुक्रवारांतच तू बोलायचास. तुझ्या चित्रकार मित्रांची पत्रं यायची, पातळ निळ्या कागदांवर, तू ती मला वाचून दाखवायचास. एक मित्र युद्धानंतर कॉलेजात परत गेला होता आणि आयाबायांच्या त्या भिंतीवरच्या रेघा आता कागदावर शाईनं काढत होता. लिहायचा की अर्धा कागद मी कोरा ठेवतो, ती गेलेल्यांची जागा. दुसरा लॉऱ्यांच्या पाठी रंगवायचा. त्याला एका पोलिसानं भर बाजारात थोबाडलं होतं. तेव्हापासून त्याच्या लॉरीवर सैतान काढायचा असला की तोंड त्या पोलिसाचं, आणि तो पोलीस रोज चौकात उभा राहून स्वतःच्याच तोंडाला वाट करून देत होता! एक बाई होती. सासरी म्हणाले, बायकांनी भिंती सारवाव्यात, चित्रं पुरुषांनी काढावीत. तिनं दारापेक्षा मोठ्या पाट्यांवर बाजारातल्या बायका काढायला घेतल्या, त्या घरात मावेनात, म्हणून सासऱ्याचा पलंग अंगणात गेला. आणि तुमच्या गुरूंची पिढी. त्यांना गोऱ्या मास्तरांनी बर्फ आणि विलायती फुलदाण्या काढायला लावल्या, तेव्हा त्या पोरांनी मास्तरांना तोंडावर सांगितलं, आमच्या गावात जे आहे ते आम्ही काढणार.

मी आठवीत मुकाट्यानं फुलदाणी काढली होती. मालवणात. आमच्या घरात फुलदाणी नव्हती, आळीत कोणाकडे नव्हती. मला कधी सुचलंसुद्धा नाही की विचारावं, ही कोणाची फुलदाणी?

"आमच्याकडे चित्र काढायला कारण लागत नाही," तू म्हणायचास. "वैरी लागतो."

तिथे आपलं भांडण सुरू व्हायचं. मी म्हणायचो, हे काही खरं नाही. मी रंगवतो ते अरबाब पगार देतो म्हणून. ना वैरी, ना कारण, पोट. तू एकदा मला हाताला धरून त्या गॅरेजसमोर नेलंस. रेडिएटर रिपेअरचा बोर्ड. त्यातल्या 'आर'च्या पायाला मी शेपूट काढलं होतं, खाली जाऊन परत वर वळणारं, टोकाला थेंब.

"हे कोणी मागितलं होतं?" तू विचारलंस.

"कोणी नाही."

"याचा पगार मिळाला?"

"नाही."

"मग का काढलंस?"

  मी उलटं तुलाच विचारलं, "बरं, तू सांग. सूड संपला, वैरी संपले, समज सगळे मेले. मग तू काढशील की नाही?" तू हसलास. "भिंत बरोबर काढ, मग सांगतो." हेच ते उत्तर, जे तू बरोबर घेऊन गेलास. डांबरट.

आता तुला रिफाचं सांगतो, कारण त्यातलं निम्मं तुला माहीत नाही.

शेखांनी तुला त्यांच्या मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या दालनात, भिंत काढायला बोलावलं. तू म्हणालास आईची नाही काढणार, वेगळी काढीन. महिनाभर तू रिफाला जात होतास. काम संपलं आणि टायवाल्यानं मला गाडीत घातलं. "हे बघ दत्ताराम, आपला माणूस म्हणून सांगतो. कोपऱ्यात नाव घालायचंय. कंपनीच्या वतीनं. डिझाइनचं." आणि त्यानं स्वतःचं नाव सांगितलं. अरबीत आणि इंग्रजीत.

मी तुझ्या चित्राच्या कोपऱ्यात त्याचं नाव लिहिलं. आणि ऐक, शेवटच्या अक्षराला शेपूट काढलं. हात थांबेना. हे कोणीतरी तुला सांगितलं, तेव्हा तू मला एवढंच विचारलंस, "शेपूट काढलंस?" मी म्हटलं, काढलं. त्यावर तू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलास. त्या हसण्यानं मी दोन रात्री झोपलो नाही.

कारण एक गोष्ट मी तुला सांगितली नव्हती. ते नाव मी ऑइलपेंटनं लिहिलंच नव्हतं. पोस्टर कलरनं लिहिलं होतं. पोरं शाळेत वापरतात तो. ओल्या फडक्यानं दोनदा पुसला की गेला. मजलिस रोज पुसतात. म्हटलं, महिन्याभरात चोराचं नाव पाण्यातून मोरीत. हा माझा सूड. आयुष्यातला पहिला. एवढा खूश होतो की मोरीचं झाकण बघितलं तरी हसू यायचं.

आठवडा नाही झाला तोच शेखांनी निरोप पाठवला. भिंतीला हात लागतात, वरून व्हार्निश मारा. पाठवलं कोणाला? मला. टायवाला बरोबर. खिशात फडकं होतं, ओलं करून घेतलं होतं. त्याची पाठ वळली की पुसून टाकायचं. तेवढ्यात शेखांची म्हातारी आई काठी टेकत आली. कोपऱ्यापाशी वाकली. अरबीतलं नाव एकेक अक्षर करून मोठ्यानं वाचलं, मग काठी उचलून नावाच्या बरोबर वर टेकवली आणि तेच नाव पुन्हा घेऊन खो खो हसायला लागली.

तिथे एक सरडा होता, नाव लिहिताना अक्षरांच्या नादात मला दिसलाच नव्हता. महिनाभर तू तिथे काम केलंस आणि नाव कुठे येणार हे तू आधीच ओळखून बसला होतास. जागा मोकळी ठेवली होतीस, आणि तिच्यावर सरडा. मान वर. गळ्यापासून पोटापर्यंत एक सरळ काळी पट्टी. टाय. आणि खाली, माझ्या हातच्या सुंदर अक्षरात, शेपटीसकट, त्याचं नाव. त्या घरात त्या सरड्याला सगळे त्याच नावानं ओळखतात, एमेका. टायवाला म्हातारीच्या मागे उभा होता आणि आपलं नाव घेतलं जातंय म्हणून मान वरखाली करत होता. भिंतीवरचा सरडा आणि म्हातारीमागचा, दोघं जणू एकाच तालात.

आणि हे मी पुसायला निघालो होतो! तुझं दुसरं चित्र, आणि तेही मीच पांढरं करणार होतो, यावेळी तर स्वतःच्या अकलेनं. फडकं खिशात खोल दाबलं. सगळ्या भिंतीला व्हार्निशचा एक हात मारला, त्या कोपऱ्याला तीन. आपल्या नातवंडांपर्यंत टिकेल.

हे मी तुला का नाही सांगितलं? शुक्रवारी शुक्रवारी ओठांवर यायचं. पण मग पोस्टर कलरचंही सांगावं लागलं असतं. म्हटलं, भिंत बरोबर काढली की त्या दिवशी सांगू. तू तुझं उत्तर देशील, मी माझं गुपित देईन. दोघंही बसलो वाट बघत.

तू गेलास त्या आठवड्यातल्या शनिवारी वर्कशॉपमध्ये शोकसभा झाली. टायवाल्यानं भाषण केलं. "आमच्या कंपनीनं त्याला संधी दिली." "प्रामाणिक पेंटर." "त्याची डिझाइन्स मी स्वतः बघायचो." ताई समोर बसली होती, नर्सच्या पांढऱ्या कपड्यांत, ड्युटीवरून तशीच. तिच्या मागे ती पांढरी भिंत. पांढऱ्यावर पांढरं. सभा संपल्यावर टायवाला माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हे बघ दत्ताराम, आपला माणूस म्हणून..." आणि काहीतरी बोर्ड रंगवायला सांगायला लागला, तुझ्या नावाचा, कंपनीच्या नावाखाली, लहान अक्षरात.

मी म्हटलं, "करतो साहेब."

पुढच्या शुक्रवारी सकाळी मी काळा ऑइलपेंट घेऊन भिंतीपुढे उभा राहिलो. सहा वर्षं प्लायवूडवर मफी मिळवलेला माणूस. शिडी धरायला कोणी नव्हतं. अजगर काढला. कोला काढला. चंद्रकोर तीन वेळा काढली, दोनदा पुसली. मध्ये मोकळं सोडलं, आणि हात शिवशिवत होता तरी तिथे फोन नंबर लिहिला नाही. संध्याकाळी, जमिनीलगत, हातभर उंचीच्या अक्षरांत तुझं नाव. अरबीत आणि इंग्रजीत. ऑइलपेंटनं. दोन हात.

शनिवारी टायवाला आला. "हे काय आहे?"

"भिंत."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही. पहिल्यांदाच."

"आत्ताच्या आत्ता पांढरी कर. नाहीतर व्हिसा कॅन्सल. या महिन्यात घरी."

मी ब्रश त्याच्यापुढे धरला. "दोन हात लागतील साहेब. एकात जात नाही, मला अनुभव आहे. घ्या, आपला माणूस म्हणून देतोय."

त्यानं ब्रश दुसऱ्यांपुढे धरला. केरळचा जोसेफ म्हणाला कंबर दुखते. लाहोरचे खानचाचा म्हणाले डोळे गेलेत. त्याच डोळ्यांनी ते गाडीवर एका दमात सरळ पट्टा ओढतात. तेवढ्यात अरबाब आला. भिंतीपुढे गेला. विचारलं, "हे कोणाचं?"

आणि एमेका, टायवाल्यानं सवयीनं तोंड उघडलं. मान हलायला लागलीसुद्धा. मग खाली हातभर अक्षरं दिसली. ते उघडं तोंड मी जन्मभर पुरवून खाणार आहे. दुसरं काही नको मला. अरबाबनं तुझं नाव वाचलं, "अल्ला यर्हमो" म्हणाला, देव त्याच्यावर दया करो, आणि टायवाल्याकडे न बघता म्हणाला, "या भिंतीला कोणी हात लावायचा नाही. खलास."

माझ्या व्हिसाचं काय होईल माहीत नाही. पत्र टाइप झालंय असं ऐकतो. होऊ दे. भिंत राहील.

पण ती बरोबर आली का? तेवढंच मला हवं होतं, आणि ते सांगणारं जगात एकच माणूस उरलं होतं. ताई काल आली. तुझी खोली रिकामी करून, टॅक्सीत सुतळीनं बांधलेले गठ्ठे. तुझ्या पलंगाखाली सापडले म्हणाली. प्लायवूड. माझे सगळे तुकडे. सहा वर्षांचे, एकही न टाकलेला. प्रत्येकाच्या पाठीवर कोळशानं एक अक्षर. सी. मी तोंडावर मफी ऐकत होतो आणि तू पाठीमागे मला पास करत होतास. एखाद्यावर तरी बी असेल म्हणून मी सगळे तीनदा उलटून बघितले. नाही.

ताई भिंतीपुढे गेली. मी शिडीला टेकून उभा. 

"अजगराचं डोकं उलट्या बाजूला आहे," ती म्हणाली.

"हो ताई."

"आणि या रेघांना शेपटं कसली? आईच्या रेघांना शेपटं नव्हती."

"ती माझी, ताई."

 ती माझा तो उलटा ड्रम ओढून त्याच्यावर बसली आणि बघत राहिली. दुपारच्या नमाजाची बांग झाली, जेवायला सगळे गेले, तरी बसून. मग हळूच म्हणाली, "ती काढायची तेव्हा आम्ही दोघं असेच समोर बसायचो. एमेका शेंगा खायचा."

मला हुंदका आला. मी म्हटलं, आता ही काहीतरी चांगलं बोलणार. तिनं मांडीवरचा प्लायवूडचा तुकडा उलटा केला, पाठीवरचं अक्षर वाचलं, भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सी?" ती म्हणाली. "माझा भाऊ नको इतका दयाळू होता."